कोपरांना तेल

सातासमुद्रापलीकडे कुठलीशी लढाई जुंपली आणि वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला. खुशालरावांच्या घरी पैसा आला, पैशामागोमाग मोठेपणा आला, आणि त्या मोठेपणाचा पहिला फटका बसला त्यांच्या शकुनला.

शकुन जन्मापासूनच अशी. पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकलेले, हात आपल्याच मनाने वळणारे, जीभ जड. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत लोक तिच्या तोंडचा शब्द काढून घेत, आणि बहुधा चुकीचाच. डोकं मात्र लख्ख होतं. कोपरांवर भार देऊन ती अंगणभर सरपटे, गोठ्यात जाऊन वासराशी बोले. वासरू बिचारं पुरतं ऐकून घेई.

आता ते बंद झालं. "खुशालरावाची पोरगी मातीत लोळून राहिली, असं लोकायनं म्हणावं काय?" खुशालराव अंबादेवीला नवस बोलले: नवरात्रात पोर आपल्या पायांनी तुझ्या दारात येईल. नवस बापाचा, पाय मात्र पोरीचे!

मग गंगूबाई येऊ लागली. गावातल्या बाळंतिणींना चोळूनमाखून देणारी, हाताला गुण असलेली बाई. आधी कोमट तेल, मग पाय ओढून ताणणं, मग बांबूच्या कामट्या बांधून दोन आडव्या बांबूंमध्ये उभं करणं. आवळलेलं अंग तेलाने सैल होई, तेवढं बरं वाटे. ओढायला लागलं की डोळ्यांपुढे काजवे चमकत. "सोस माय, तुह्याच भल्यासाठी करून राहिलो," असं म्हणून खुशालराव तोंड फिरवून डोळे पुसत. जीव होता त्यांचा, खोटं कशाला बोला? पण तुला काय हवंय, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही.

अष्टमीला बैलगाडी अमरावतीला पोचली. देवळासमोर ही गर्दी! खुशालरावांनी आणि गाडीवानाने दोन्हीकडून काखेत हात घालून शकुनला उभं केलं. पाय थरथरले, टाचा उचलल्या गेल्या, लोक टकमका बघू लागले. शकुनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात शेजारून एक बाई लोटांगण घालत पुढे गेली आणि लोक हात जोडून तिला वाट देऊ लागले. शकुन बघत राहिली.

"खा... खाली," ती म्हणाली.

"थकली काय? उचलू?"

"ना... ही. खाली. सो... ड."

या वेळी तिने आपला शब्द कुणाला काढून घेऊ दिला नाही. खुशालरावांनी तिला हळूच जमिनीवर टेकवलं.

शकुन कोपरांवर निघाली. माणसं बाजूला झाली. ज्या सरपटण्यापायी घरची अब्रू जात होती, त्यालाच इथे लोक हात जोडत होते. एक म्हातारी तर तिच्या पायाच पडली. शकुनला हसू आवरेना. हसत हसतच ती उंबऱ्याशी पोचली, कुणी न उचलता. मागे खुशालराव खजील होऊन उभे होते.

गावी परतल्यावर दुसऱ्या दिवशी गंगूबाई तेलाची वाटी आणि कामट्या घेऊन आली. खुशालराव शकुनजवळ जमिनीवर बसले.

"माय, तुले काय पायजे?"

आणि तिचे शब्द जुळेपर्यंत ते गप्प बसले. जन्मात पहिल्यांदाच.

"को... परं," शकुन म्हणाली. "सोलून... निघते. तेल... तिथं लाव. पाय... हळू. अन् कामट्या... नाही."

गंगूबाईने विचारल्यासारखं खुशालरावांकडे पाहिलं.

"माह्याकडं काय पाहून राहिली?" ते म्हणाले. "तिनं सांगतलं ना."