मालाडहून आणलेली अँटेना

सन दोन हजार बावीस. लोकांचे मास्क हनुवटीवर उतरले होते आणि मुलुंडच्या कुंदाताई सावंतांना नुकतंच एकाहत्तरावं लागलं होतं. त्या वर्षी दिवाळी सरली आणि रोज सकाळच्या राउंडमध्ये कुंदाताईंचा आवाज तुटायला लागला.

राउंड म्हणजे हॅम रेडिओवाल्यांची सकाळची हजेरी. परीक्षा देऊन सरकारी परवाना घेतलेली ही हौशी मंडळी. हातात मावणाऱ्या वायरलेस संचाला ते हँडी म्हणतात. सात वाजले की मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, मालाड अशी सगळीकडची माणसं एका लहरीवर जमायची. डोंगरावरचा रिपीटर प्रत्येकाचा आवाज उचलायचा आणि पुन्हा सगळ्यांना वाटायचा. एकेकाने आपली ओळख सांगायची, चार वाक्यं बोलायची, पुढच्याला वाट द्यायची.

कुंदाताईंनी परवाना काढला तो सत्त्याऐंशी साली, प्रेमा परबबरोबर. दोघी टेलिफोन ऑपरेटर. घाटकोपरच्या एका शाळेत रविवारी मोर्सचा क्लास चाले. वर्गभर पुरुष आणि कोपऱ्यात या दोघी. परतताना बसमध्ये एकमेकींच्या मनगटावर बोटांनी डिट-डा वाजवत सराव चालायचा. एकदा कंडक्टर म्हणाला, "काय बाई, नाडी बघताय काय? ताप आहे का कुणाला?" प्रेमा एवढी हसली की दोघींचा स्टॉप चुकला.

पुढे प्रेमा घाटकोपरला राहिली, कुंदाताई मुलुंडला. कुंदाताईंचे यजमान गेले, मुलगा कामासाठी मस्कतला गेला, घरात सून श्वेता आणि तिचं ऑफिस. अशा घरात सकाळचा तो अर्धा तास तेवढा कुंदाताईंचा स्वतःचा. कितीतरी वर्षं राउंड त्याच चालवत. कुणी ओळख न सांगता बोललं की तिथल्या तिथे कान पकडायच्या. सव्वीस जुलैच्या पुरात प्रेमाने आणि त्यांनी रात्रभर निरोप कसे पोचवले, ते तर महिन्यातून दोनदा तरी ऐकवायच्या. मग सूत्रं देवेशकडे गेली. देवेश अंधेरीचा, चाळिशीचा, कॉम्प्युटरवाला.

"कुंदाताई, तुमचा आवाज तुटतोय. पुढे जाऊ या," तो म्हणायला लागला. आज तुटतोय, उद्या तुटतोय.

कुंदाताईंनी प्रेमाला फोन लावला. "खरं सांग. कसा येतोय माझा आवाज?"

"तुटता गो. शब्दच कळणत नाय. अँटेना बदल बघू तुझी."

कुंदाताईंनी शंका घेतली नाही. हॅम माणूस बायकोशी खोटं बोलेल, साहेबाशी बोलेल; पण तुमचा आवाज कसा येतोय हा रिपोर्ट खोटा देणार नाही. दोन आकड्यांचा तो रिपोर्ट. स्पष्टपणाला पाचपैकी, जोराला नऊपैकी. फाइव्ह नाइन म्हणजे पैकीच्या पैकी. त्याच्या भरवशावर माणसं भर उन्हात गच्चीवर चढतात. आणि हा तर प्रेमाचा रिपोर्ट.

श्वेताने ऑनलाइन अँटेना मागवली. ती आली तर जोडायच्या जागी अँटेनेलाही खिळा आणि सेटलाही खिळा; खिळा शिरायला भोक कुठेच नाही.

"आई, या चिनी सेटना उलटं लागतं म्हणे."

"अगं, मला विचारायचंस तरी! परत कर ती."

शेवटी लिंक रोडची बस धरून त्या मालाडला राजाराम धुरींकडे गेल्या. धुरी राहत्या घरातून अँटेना विकायचे. स्वतःही हॅम, पण राउंडमध्ये क्वचित बोलणारे. त्यांनी टेबलावर तीन मांडल्या.

"ही बोटाएवढी. पर्समध्ये मावते, पण गल्लीबाहेर जात नाही. ही वीतभर, सेटबरोबर येते तशीच. आणि ही हातभर. हिची पोच चांगली, वाकवली तरी मोडत नाही. पण बाई, ही घेऊन निघालात तर लोकांना वाटेल छडी घेऊन निघालात."

"मास्तरीणच म्हणतात मला सगळे. द्या, हीच द्या."

"आधी जुनी बघू." त्यांनी जुनी अँटेना फिरवून काढली, बुडाशी नखाने टोकरलं, पुन्हा बसवली. "हिला काय धाड भरलीय?"

"आवाज तुटतो माझा."

"कोण म्हणालं?"

"सगळेच. देवेश रोज म्हणतो."

"अहो, रोज ऐकतो मी तुम्हाला. चहा पिता पिता. परवाचा सव्वीस जुलैसुद्धा पुरता ऐकला. फाइव्ह नाइन! खडखडीत."

एवढं बोलून ते थांबले. बोलायला नको होतं हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि ते नसलेली धूळ पुसायला लागले.

कुंदाताईंनी हा धडा स्वतः कितीजणांना शिकवला होता. रिपीटर सगळ्यांना एकच आवाज वाटून देतो. मालाडला स्वच्छ पोचलेला आवाज घाटकोपरला तुटत नसतो.

"कंटाळलेत होय मला?"

"जास्त बोलता बाई तुम्ही," धुरी हळूच म्हणाले. "खोटं कशाला सांगू? पण तोंडावर सांगायला हवं होतं."

"ती लांब बांधून द्या."

"आता कशाला?"

"घ्यायला आले होते ना?"

दुसऱ्या दिवशी सातला त्यांनी नवी अँटेना लावून ओळख सांगितली. देवेशचं ठरलेलं आलंच, "कुंदाताई, तुटतोय..."

"देवेश, थांब जरा. प्रेमा, तू आहेस ना? मला रिपोर्ट दे. आकड्यात दे."

लहरीवर नुसती खरखर. सगळे ऐकत होते. अजून प्रेमाच्या हातात होतं. फाइव्ह नाइन, एवढं म्हणायचं होतं. बाकीचं सगळं कुंदाताई गिळायला तयार होत्या. कमी बोलायलाही तयार होत्या.

"टू थ्री," प्रेमाचा आवाज आला. "शब्द समजत नाहीत, कुंदाताई."

पस्तीस वर्षांत प्रेमाने त्यांना ताई म्हटलं नव्हतं. मालवणी सोडून ती त्यांच्याशी कधी बोलली नव्हती. शब्द समजत नाहीत तर प्रश्न कसा समजला, हे कुंदाताईंच्या ओठांवर आलं होतं. पण त्या फक्त म्हणाल्या, "रिपोर्ट मिळाला. आभारी आहे." आणि सेट बंद केला.

दुपारी प्रेमाचा फोन आला. "कुंदा, सगळ्यांनी माकाच पुढे केल्यानी गो. तुका वायट वाटात म्हणान..."

"वाटलं असतं. आठ दिवस बोलले नसते तुझ्याशी. मग बोलले असते, प्रेमा."

फोन त्यांनीच ठेवला.

देवेश दोन वर्षांनी कॅनडाला गेला. मागे राउंड चालवायला कुणी उरलं नाही. मंडळी आता मोबाइलच्या ग्रुपवर सुप्रभाताची फुलं पाठवतात. धुरी अजून मालाडला अँटेना विकतात. गुडघ्यांमुळे लोकांच्या गच्चीवर चढणं मात्र त्यांनी सोडलं. श्वेताला बढती मिळाली, ती आता घरूनच काम करते. कुंदाताईंनी हँडी आणि ती हातभर अँटेना एका कॉलेजच्या क्लबला देऊन टाकली. त्या पुन्हा कधी हवेवर आल्या नाहीत.

प्रेमा घरात पडली आणि बोरिवलीला मुलाकडे राहायला गेली. तिला आता ऐकू फार कमी येतं. संक्रांतीला तिचा फोन येतो. कुंदाताई तो श्वेताला उचलायला लावतात. श्वेताच्या आवाजालाच कुंदा समजून प्रेमा मालवणीत भडाभडा बोलत सुटते, आणि कुंदाताई शेजारच्या खुर्चीत बसून स्पीकरवर सगळं ऐकतात. आधी श्वेता सांगायला बघायची, की मी नाही, मी सून बोलतेय. आता तीही "हो गं, हो गं" म्हणते.