मेणफुलाची छाटणी

गुडघा बदलून पाच आठवड्यांनी वेनेरा घरी आली, ती ना खाटेवर टेकली ना पाण्याचा घोट घेतला. काठी आपटत थेट मागच्या व्हरांड्यात गेली. तिथे, काचेच्या पट्ट्यांच्या बंद खिडकीशी, तिची मेणफुलाची वेल होती. पाहते तो काय, वेलीच्या जागी तारेला बांधलेल्या नुसत्या आखूड काड्या!

चांगल्या एकेचाळीस वर्षांची वेल ती, त्याच एका कुंडीत वाढलेली. फांदी सासूने दिली होती आणि फांदीसोबत दम भरला होता: पाणी बेताने घाल, कुंडी जागची हलवू नकोस, आणि फुलं गळल्यावर जो खुंट मागे राहतो त्याला नखही लावू नकोस, कारण पुढल्या वर्षीची फुलं त्याच खुंटावर येतात. या घरातली प्रत्येक नवरी ह्याच वेलीचे पांढरे झुपके केसांत माळून चर्चला गेली होती. वेनेराची नात टेसा सोळा दिवसांनी जाणार होती. वेनेरा इस्पितळात निघाली तेव्हा वेलीवर कळ्या धरल्या होत्या.

आता कळी नव्हती की खुंट नव्हता. कापल्या जागी पांढरा चीक वाळून कडक झाला होता. नवे खुंट धरून फुलं यायची म्हणजे दोन-तीन वर्षं तरी गेलीच.

"केरिन!" वेनेरा अशी ओरडली की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला.

पाच आठवडे घर सांभाळणारी सून हात पुसत आली. तिने एकदा वेलीकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"मीच कापली, नॉन्ना." नातवंडांमुळे सगळं घरच आता वेनेराला नॉन्ना, म्हणजे आजी, म्हणत असे. "वाळल्यासारखी वाटली. म्हटलं, जरा साफसूफ करावी."

"साफसूफ? अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? तुझ्याच लग्नात हीच फुलं माळून मिरवलीस ना? बोकड सोडला असता तर त्याने तरी एखादा खुंट ठेवला असता! आता टेसाच्या डोक्यात काय खोचू, उसाचं पाचट?"

"चुकलं माझं."

"चुकलं म्हणे! मीठ जास्त पडलं तर चुकलं म्हणतात!"

केरिन पुन्हा हात पुसू लागली. वेनेराला आणखीच चीड आली, कारण ही बाई एरवी एकाला दोन सुनावणारी. सासू-सुनेचं भांडण म्हणजे या घरात रविवारचा कार्यक्रम असायचा, आणि आज ती खुशाल मार खाल्ल्यासारखी उभी होती. तिचे डोळे मात्र सारखे दाराकडे जात होते.

वेनेराने रागारागाने एक काडी हातात धरली आणि तिचा हात तसाच थांबला. काप तिरका होता, पाणी डोळ्यावर, म्हणजे फुटव्याच्या कोंबावर, न ओघळता उलट बाजूला जावं असा. काप आणि पेर यांत बोटभर अंतर. काडीवर नेमके दोन डोळे राखलेले. दुसरी काडीही तशीच, तिसरीही. प्रत्येक काडी तारेला दुहेरी पिळाच्या गाठीने बांधलेली. केरिनला कात्री कुठून धरायची हेसुद्धा माहीत नव्हतं. ही द्राक्षाची छाटणी होती. उसाच्या या मुलखात अशी छाटणी येणारा एकच माणूस वेनेराला ठाऊक होता.

तेवढ्यात तो माणूस, तिचा नवरा आल्फिओ, दारात आला. हातात कात्री, खिशातून सुतळी लोंबत होती. पंधराव्या वर्षी सिसिली सोडून तो ऊस तोडायला ऑस्ट्रेलियात, इंगमला आला होता. आता शहात्तरचा होता. कोणी पाहुणा त्या खुंटांना हात लावायला गेला तर "खबरदार!" म्हणून आधी ओरडायचा तो हाच.

"झाली का बघून?" त्याने विचारलं, आणि तेही गावाकडच्या बोलीत, जी त्याने कित्येक वर्षांत तोंडातून काढली नव्हती. "दोन-दोन डोळे राखलेत. फार माजली होती. यंदा द्राक्षं बघ कशी लागतात! बाबा वरच्या मळ्यातून खाली आले की त्यांना दाखव. आणि सांग, नुन्झिओने काडीलाही हात लावला नाही. सगळं मी एकट्याने केलं."

नुन्झिओ त्याचा भाऊ. त्याला पुरून तीस वर्षं झाली होती. बाबांना त्याहून जास्त.

हा थट्टा करतोय, आत्ता डोळा मिचकावील, म्हणून वेनेरा आल्फिओच्या तोंडाकडे पाहत राहिली. तो शाबासकीची वाट पाहत उभा होता.

"सांगते," ती कशीबशी म्हणाली. "छान केलंयस."

तो खूश होऊन परसात निघून गेला. केरिनने खुर्ची पुढे सरकवली आणि वेनेरा तीत कोसळलीच.

"तू केलंस म्हणालीस ते?"

"तुम्ही आत्ताच तर आलात. म्हटलं, आज नको."

"कधीपासून चाललंय हे?"

"आम्हाला ईस्टरला कळलं. आधीचंही असेल."

"कोणाकोणाला माहीत आहे?"

"सगळ्यांना," केरिन म्हणाली. "तुमचा गुडघा होऊ दे, मग टेसाचं लग्न होऊ दे, मग सांगू असं ठरलं होतं. आम्हाला वाटायचं, तुम्हालाही कळलंय आणि तुम्ही लपवताय. त्यांची बटणं तुम्ही लावता, चाव्या तुम्ही शोधता, त्यांची वाक्यंसुद्धा तुम्हीच पुरी करता."

वेनेराने काहीच लपवलं नव्हतं. म्हातारा आळशी झालाय, एवढंच ती सगळ्यांना सांगत आली होती. ईस्टरच्या जेवणाला आल्फिओने पोटच्या मुलाला तीनदा नुन्झिओ म्हणून हाक मारली होती, आणि सगळं टेबल चिडीचूप झालं होतं. तेव्हा ती एकटीच पोट धरधरून हसली होती.