एकाच रंगाचं फडकं

दुष्काळात माणसांनी टोपल्यांनी माती वाहून बांधलेला पाझर तलाव त्र्याहत्तरच्या श्रावणात काठोकाठ भरला, आणि खालच्या वस्तीवर भीमाबाईची झोप उडाली.

तिचा नवरा गहिनीनाथ बांधावर राखणीला. त्यानं आपली रीत बसवली होती. बांध नुसता ओलसर, तर काठीला पांढरं फडकं. निवळ पाणी झिरपलं तर हिरवं. गढूळ आलं तर लाल. म्हणजे आतली माती चालली, पळा.

ओव्हरसियर आला आणि तीन फडकी बघून हसला. "कापडाचं दुकान मांडलंय का रे? गळतोय की नाही, एवढंच सांग. गळला की लाल." बाकीची दोन त्यानं जीप पुसायला नेली.

पाझर तलावच तो, पाझरायचाच. पहिल्यांदा लाल दिसलं तेव्हा अख्खी वस्ती भर पावसात टेकडीवर पळाली. भीमाबाईची सून राही ओली बाळंतीण; तिच्या लेकराला ताप भरला, तो आत्ता कुठं उतरला होता. पुढं लाल रोजचंच झालं. शेजारची बनुबाई म्हणायची, "भीमे, तुझ्या धन्यानं आज बी लुगडं वाळत घातलं बघ!"

आजही लालच होतं.

"आत्याबाई, मी न्हाई निघायची," राही लेकराला पोटाशी घेत म्हणाली. "परत ताप भरला तर ते हाती लागायचं न्हाई."

भीमाबाईला ते पटत होतं. फडक्याकडं बघून तिला काही कळेना, म्हणून ती ओढ्यावर गेली. पाऊस परवापासून थांबलेला. ओढ्यात होतं ते बांधाचंच पाणी. तिनं ओंजळ भरली. पाणी गळून गेलं, तळहातावर चिकट काळी माती राहिली. वस्तीची सगळी जमीन तांबड्या मुरमाची. काळी माती लांबून आणून बांधाच्या पोटात भरली होती, निम्मी तिच्याच डोक्यावरून.

ती पळत आली आणि राहीच्या कुशीतून लेकरू उचललं.

"आज बी तेच लाल हाय ना?" राही ओरडली.

"व्हय गं माय, तेच हाय. ऊठ."

बाहेर बनुबाई बांधाकडं बघत उभी होती. "आज लई फडफडतंय गं. वारं सुटलं वाटतं."

दारातल्या लिंबाचं पानही हलत नव्हतं. बांधावर काठी कुणीतरी हातानं हलवत होतं.