वळलेली करंगळी

बाळाची डावी करंगळी जन्मतःच आत वळलेली. रुतिका रोज तेल लावून ती हलकेच ओढत बसायची. सासूबाईंनीच, शेवंताबाईंनीच सांगितलं होतं, "हाडं मऊ हायेत तवर व्हईल सरळ."

बाळाला नाव आजोबांचं ठेवलेलं, चांगदेव. पण त्या आजोबांचा घरात एक फोटो नव्हता. रुतिकाचा नवरा अंकुर दोन वर्षांचा असताना ते होडी घेऊन गेले ते परतलेच नाहीत. पुढे एका उधाणाचं पाणी दिवाळे गावात शिरलं आणि लग्नाचा अल्बम लगदा होऊन गेला.

"उद्या नातू इचारंल, आजा कसा होता? तर काय दावू, भिंत?" शेवंताबाई म्हणायच्या.

म्हणून वाशीला इंद्रजित या नावाजलेल्या छायाचित्रकाराचं प्रदर्शन लागलंय कळताच त्यांनी मासळीची पाटी बाजूला सारली. "ह्योच तो! माझ्या लग्नाच्या साली आमच्या बंदरावर महिनाभर बसलेला कॅमेरा घेऊन. यांचा काढला असनारच."

बाळाला कडेवर घेऊन रुतिकाही गेली. हॉलमध्ये शिरली आणि एकेक फोटो बघू लागली. भिंतभर नुसते हात. जाळं शिवणारे, कोळंबी सोलणारे, वल्हं धरलेले. चेहरा एकही नाही.

"मेल्या, मुंडकी कुठं ठेवलीस?" शेवंताबाईंनी इंद्रजितना दारातच धरलं.

"मावशी, मी चाळीस वर्षं हातच टिपतो," ते ओशाळून म्हणाले. "कॅमेरा दिसला की चेहरा सावरून बसतो. हाताला तेवढी सवड नसते."

"निगेटिव्हमध्ये तरी एखादा चेहरा?" रुतिकानं विचारलं.

"नाही हो. आज पहिल्यांदाच वाईट वाटतंय त्याचं."

शेवंताबाई पदर तोंडाला लावून निघाल्या, आणि दाराजवळच्या फोटोपाशी थबकल्या. होडीतून दोन हात पाटी खाली देत होते, बांगड्यांचे दोन हात ती घेत होते.

"ह्या बांगड्या माझ्या."

मग देणारे हात. डावी करंगळी आत वळलेली.

रुतिकानं बाळाची मूठ उघडून काचेपाशी धरली. म्हातारी एकदा तिकडे बघे, एकदा इकडे.

"खोटारडा!" ती एकदम म्हणाली. "मला सांगितलंन, वादलात दोरीत गावली नि मोडली! मी जल्मभर कौतुक केलं गो त्याचं!" हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले.

इंद्रजितनी फोटो भिंतीवरून काढून तिच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी तो घरात लागला. हार घातला, पण गंध कुठे लावायचं यावर अंकुर अडला. शेवंताबाईंनी नेमकं करंगळीवर लावलं.

खाली रुतिका तेलाची वाटी घेऊन बसली होती. बाळाची नऊ बोटं चोळून झाली.

"ऱ्हाऊ दे गो ती," सासूबाई म्हणाल्या. "तशीच बरी हाय."