खिंडीपर्यंतची सोबत

मी मोरुती बोलतोय. आमच्या सोथो भाषेत मोरुती म्हणजे पाद्री. नावावर जाऊ नका. मी घोडा आहे, आणि लेसोथोच्या डोंगरांत माझ्याइतका वाह्यात घोडा दुसरा सापडायचा नाही. जन्मल्या जन्मल्या मी गंभीरपणे मान डोलावली, म्हणून मालकाने हे नाव ठेवलं. खरं सांगू? मानेवर माशी बसली होती.

शिक्षण अर्धवट. माझा खुंटा शाळेच्या खिडकीला लागून होता, त्यामुळे सातापर्यंतचे पाढे मला पाठ आहेत. आठाचा सुरू झाला त्या दिवशी मी खिडकीतली गुरुजींची टोपी खाल्ली आणि माझा खुंटा तिथून हलला. टोपी गवताची. गवत खिडकीत ठेवणाऱ्याची चूक की खाणाऱ्याची, तुम्हीच ठरवा.

माझा मालक लेबोना. परदेशी पाहुण्यांना माझ्या पाठीवर बसवायचं आणि मालेत्सुन्यानेचा धबधबा दाखवून आणायचा, हा त्याचा धंदा. गावापासून तीन तासांची वाट. मी बारा वर्षं हे काम केलं. नाना तऱ्हेची माणसं वाहिली. घरून हजारो कोस येतात, पाणी समोर दिसलं की त्याच्याकडे पाठ फिरवतात आणि हातातल्या फोनकडे बघून दात काढतात. माझ्याकडे बघून हसली असती तर निदान मी उलट हसलो तरी असतो. माझे दात त्यांच्यापेक्षा मोठे आहेत.

लेबोनाची बायको मापोलो. गाव तिला म्मे मापोलो म्हणतं. म्मे म्हणजे आई. आमच्या गावची एक रीत आहे. पाहुणा निघाला की त्याला एकट्याला वाटेला लावायचं नाही. खिंडीपर्यंत सोबत चालायचं, आणि पाहुणा "आता पुरे, वळा" म्हणाला की मगच वळायचं. म्मे मापोलो प्रत्येक पाहुण्याला खिंडीपर्यंत सोडायला यायची. पाहुणे पुढे जायचे, ती मागे वळायची.

वळताना दर वेळी नवऱ्याला विचारायची, "मला कधी दाखवणार?"

"पुढच्या शनिवारी," लेबोना म्हणायचा.

"कुठल्या सालातल्या?"

पण शनिवारी नेमके पाहुणे यायचे, आणि घोडा एकच. असे करत करत शनिवार संपले. एका हिवाळ्यात लेबोना खोकत खोकत गेला. त्याच्या घोंगडीला तंबाखूचा वास यायचा. वारा खालून वर आला की मी अजून नाकपुड्या फुगवून बघतो. नुसतं गवत असतं.

मग आली आइनो. फिनलंडची, शाळेत वर्षभर गणित शिकवायला, तेही बिनपगारी. "बिनपगारी?" शेजारचा म्हातारा रांत्सो म्हणाला, "असा काय गुन्हा केलाय हिनं तिकडे?" ती राहिली म्मेच्या गोल खोलीत. पापा नावाची मक्याची घट्ट उकड बघून नवल, शेणाने सारवलेली जमीन बघून नवल, मी शिंकलो तरी नवल. म्हणून गावाने तिचं नाव ठेवलं लिमाकात्सो, म्हणजे नवलाई. पहिल्याच दिवशी म्मेने तिला सगळ्या रीती शिकवल्या. पाहुण्याच्या सोबतीचीही. पोरगी वहीत लिहून घ्यायची. लिहून घेणारी माणसं धोक्याची असतात, हे म्मेला कुणी सांगितलं नव्हतं.

वर्ष संपायला महिना उरला. गुरुजी म्हणाले, "अगं, इतकं शिकवलंस, आता एक शनिवार-रविवार तरी धबधबा बघून ये."

लिमाकात्सो घरी येऊन म्हणाली, "म्मे, तुम्हीपण चला."

"कोंबड्या कोण बघेल?"

"रांत्सो."

"तो बघेल आणि खाईलही."

पोरगी हसली. म्मे हसली नाही. संध्याकाळी मला खरारा करताना ती माझ्या कानाशी हळूच बोलली, "ज्यानं दाखवायचं तो गेला रे. आता एकटीनं बघून काय करू?" थोडा वेळ खरारा चालला. मग म्हणाली, "आणि न बघताच मेले, तर त्याला वर जाऊन काय सांगू?"

मला बोलता येत नाही. आलं असतं तरी मी काहीतरी पाचकळच बोललो असतो. पण त्या रात्री मी गवत खाल्लं नाही.

शनिवारी सकाळी खोगीर चढलं. आता माझी एक जुनी खोड सांगतो. पट्टा आवळताना मी पोटात हवा भरून घेतो आणि नंतर सोडतो. पट्टा ढिला होतो, खोगीर कलतं, बसणारा खाली. लिमाकात्सो बसली, चार पावलं गेली आणि अलगद डुकरांच्या चिखलात उतरली.

"नवल!" रांत्सो ओरडला.

म्मेने माझ्या कानशिलात एक ठेवून दिली, पट्टा पुन्हा आवळला आणि लगाम स्वतःच्या हातात घेतला. "हा हलकट तुला एकटीला नीट नेणार नाही. चल, खिंडीपर्यंत मी धरते. पुढे तो नीट चालतो."

खिंड आली. म्मेने लगाम पुढे केला. पोरीने घेतला नाही.

"घे की."

"मी कुठे 'पुरे' म्हटलंय?"

"म्हण मग."

"पाहुण्यानं म्हटल्याशिवाय वळायचं नाही. तुम्हीच शिकवलंत. वहीत आहे."

म्मे उभीच राहिली. आयुष्यभर सगळे पाहुणे इथेच पुरे म्हणत आले होते. "अगं बये, रीत म्हणजे काय..." ती सुरू झाली आणि थांबली. रीत मोडून पाहुणीला उघड्यावर सोडायची? तिच्याच्याने ते होणार नव्हतं. शेवटी अंगावरच्या घोंगडीची पिन घट्ट केली आणि म्हणाली, "त्या पुढच्या ओढ्यापर्यंत. त्यापुढे एक पाऊल नाही."

ओढा आला. "पुरे?"

"नाही."

"रांत्सोनं माझी लाल कोंबडी कापली असेल आत्ता."

"लाल कोंबडी म्हातारी आहे, त्याला चावता यायची नाही."

म्मेला हसू फुटलं. पुढे पोरीने उतरून पट्टा पुन्हा आवळला आणि तिला माझ्या पाठीवर बसवलं. मी पोट फुगवलं नाही. आयुष्यात एवढं एकच काम मी सरळपणे केलं असेन.

धबधबा आधी ऐकू येतो. आवाज आला तशी म्मेची पकड माझ्या आयाळीत घट्ट झाली. कड्यावर पोचल्यावर तिने पाण्याकडे पाहिलंच नाही. खाली उतरली आणि मला म्हणाली, "तो कुठं बसायचा रे?"

एवढं मला कळतं. मी तिला कड्याच्या डाव्या अंगाच्या चपट्या खडकापाशी नेलं. लेबोना तिथे पाण्याकडे पाठ करून बसायचा. पाहुण्यांना वाटायचं, रोज बघून कंटाळलाय बिचारा. मलाही तसंच वाटायचं.

म्मे त्याच्यासारखी बसली. समोर डोंगर, डोंगरांत एक फट, फटीत आमच्या गावच्या चुलींचा धूर.

तिने त्या धुराकडे बोट केलं. मग म्हणाली, "मेला इतकी वर्षं इथं बसून माझ्याकडेच बघत होता. आणि मी तिकडे त्याला शिव्या घालत होते."

मग ती उठली, वळली आणि पाण्याकडे बघत राहिली. तोंडावर तुषार उडत होते, त्यामुळे रडली की नाही हे मला सांगता येणार नाही. लिमाकात्सोने एकच फोटो काढला. त्यात निम्मं माझं नाक आणि निम्मी म्मेची घोंगडी. धबधब्याचा पत्ताच नाही.

पोरगी तिच्या देशी गेली त्याला दोन पावसाळे झाले. तो फोटो म्मेने भिंतीला लावलाय. माझ्या दाढा गेल्या, पाठ खचली, खोगीर आता रांत्सोच्या तरण्या घोडीवर चढतं. म्मे माझ्यासाठी मका भिजवून ठेवते. संध्याकाळी दोघंही शेणीच्या ढिगाशी उभी राहून डोंगरांकडे बघतो. तिला कोण आठवतं ते तिला ठाऊक. मला दोघं आठवतात. एकाला हाक मारली तर ऐकू जायचं नाही, दुसरी फार लांब आहे.

तुम्ही कधी इकडे आलात तर या म्हाताऱ्याची एक विनंती आहे. कुठलीही नवलाची जागा बघायला निघण्याआधी, ज्या बाईने तुम्हाला सकाळी जेवू घातलं तिला विचारा, "तुम्ही बघितलीय का?" ती कोंबड्यांचं, चुलीचं, गुडघ्याचं काहीतरी कारण सांगेल. तिचं ऐकू नका. घोडा एकच असला तर तुम्ही चाला.