काविळीची माळ

कावीळ ही वनमालाची कल्पना. पोटचा पोरगा गर्द ओढतो हे चाळीत कुठल्या तोंडाने सांगायचं? काविळीचं तसं नसतं. काविळीत माणूस खंगतो, डोळे खोल जातात, झाडपाल्याच्या औषधासाठी चार महिने गावी जातो आणि कोणी नाक मुरडत नाही. श्याऐंशी सालच्या जुलैत चंद्रप्रकाशने घरातला कुकर विकला, तेव्हा वनमालाने वाकोल्याच्या त्या चाळीत सांगितलं की कुकर दुरुस्तीला टाकलाय. मग पोराला मुलुंडच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं आणि सांगितलं की कावीळ झाली, मालवणला पाठवलाय.

नोव्हेंबरात तो परत आला. तिने स्वतःच्या हातांनी त्याच्या गळ्यात काविळीची माळ घातली. दोऱ्यात बांधलेल्या बारीक काड्यांची ही माळ रोग उतरेल तशी लांब होत जाते म्हणतात. काड्या सुकल्या की ती कोणाच्याही गळ्यात लांब होते, तशी चंद्रप्रकाशच्याही झाली आणि चाळीला आनंद झाला. शेजारची सुंदराबाई रोज उसाचा रस घेऊन यायची, त्याची पापणी खाली ओढून बघायची आणि म्हणायची, "अजून पिवळे हत रे डोळे." रस प्लॅस्टिकच्या ग्लासात असायचा. तिची पितळेची भांडी गणपतीपासून कल्हईला गेलेली होती.

काविळीला तेल चालत नाही, मासळी चालत नाही. म्हणून घरात महिनाभर बांगडा शिजला नाही. चंद्रप्रकाश बिनफोडणीचं वरण गिळायचा आणि आईकडे बघायचा.

"आई, केंद्रात पहिल्या दिवशी काय सांगितलं माहितीये? खोटं बोलायला लागलास की परत ओढायला लागशील."

"गप जेव," वनमाला म्हणायची. "वर्ष वाया जाऊ देऊ नको."

वर्षाचाच प्रश्न होता. तो अंधेरीच्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, रसायनशास्त्राला होता. चार महिन्यांची हजेरी बुडालेली. प्राचार्यांनी निरोप पाठवला होता, काविळीचं डॉक्टरी सर्टिफिकेट आणा, परीक्षेचा फॉर्म घेतो, पुढे कोणी काही बोलायचं नाही. सर्टिफिकेट वनमालाने मिळवलं, कसं ते विचारू नका. फॉर्मच्या शेवटच्या दिवशी ते पिशवीत घालून ती मुलाला घेऊन निघाली.

कॉलेजात गर्दविरोधी सप्ताह चालू होता. व्हरांडाभर कवट्यांची आणि सांगाड्यांची चित्रं. खाली लाल अक्षरांत 'गर्द म्हणजे मृत्यू'. आपल्या जिवंत पोराला घेऊन त्या चित्रांखालून वनमाला भराभर चालली. पाणी प्यावं म्हणून ती नळाकडे वळली, तेवढ्यात चंद्रप्रकाश ऑफिसच्या खिडकीशी जाऊन उभा राहिला. कॉलेजची रीत अशी की कुठलाही कागद आवक वहीत नंबर पडल्याशिवाय प्राचार्यांसमोर जात नसे. त्याने खिशातून स्वतः लिहिलेला अर्ज काढून दिला. नलिनी नावाच्या कारकूनबाईंनी तो उभ्या उभ्या वाचला, मुलाकडे एकदा पाहिलं, शिक्का मारला आणि नंबर टाकला.

वनमाला आत गेली तेव्हा अर्ज प्राचार्यांच्या हातात होता.

"बाई, हे काय लिहिलंय तुमच्या मुलाने? मी गर्द ओढत होतो, चार महिने उपचार घेतले, आज एकशे अठ्ठेचाळीस दिवस झाले, हात लावलेला नाही. वर आम्हाला शिकवतोय. वर्गातली आणखी तीन मुलं ओढतात, त्यांच्याशी बोलायला आठवड्यातून एक तास एक खोली द्या."

वनमालाने मुलाकडे असं पाहिलं की दुसरा कोणी असता तर पळाला असता. तो नुसता उभा राहिला, गळ्यात माळ घेऊन.

"विद्यापीठाचं पत्र आलं होतं," प्राचार्य आवाज खाली आणून म्हणाले. "किती विद्यार्थी व्यसनात आहेत, कॉलेज त्यांना काय मदत करतं. मी निरंक कळवलंय. शून्य. असले विद्यार्थी आमच्याकडे नाहीत. हा अर्ज मागे घ्या. कावीळ होती असं तुम्ही लिहून द्या, मी लगेच फॉर्मवर सही करतो. नाहीतर याला काढावं लागेल."

सर्टिफिकेट पिशवीत होतं. हात घालायचा अवकाश. वनमालाने हात घातलासुद्धा. पण डोक्यात तो शब्द बसला, निरंक. चार महिने दर रविवारी ती मुलुंडला डबा घेऊन गेली होती. पोरगा घोंगडीचं टोक दातात धरून थरथरताना तिने पाहिला होता. आई मला घेऊन चल म्हणून त्याने पाय धरले होते आणि ती पाय सोडवून बसस्टॉपवर येऊन रडली होती. ते सगळं या माणसाच्या कागदावर शून्य होतं. आणि ते शून्य करायला त्याला तिचीच सही हवी होती. तिला असा संताप आला की कानशिलं गरम झाली.

तिने पिशवीतून हात काढला, मुलाच्या गळ्यातली माळ काढली आणि प्राचार्यांच्या टेबलावर ठेवली.

"ही ठेवा तुमच्याकडे. माझा मुलगा गर्द ओढत होता. आता ओढत नाही. काय ते त्याच्या अर्जावर लिहा. काढायचं असेल तर कशासाठी काढलं तेही लिहा, बरा झाला म्हणून काढला असं. मी तो कागद घेऊन विद्यापीठात जाते."

"नलिनीबाई," प्राचार्यांनी हाक मारली. "आवक वहीतला तो नंबर खोडा."

नलिनीबाई दारातूनच म्हणाल्या, "आवक वहीत खाडाखोड चालत नाही, सर. तुमचाच नियम आहे."

मग प्राचार्यांनी फॉर्म ओढला, 'केंद्राच्या मासिक अहवालाच्या अटीवर' असं लिहिलं आणि मान वर न करता सही केली. खोलीचं नंतर बघू म्हणाले.

"नंतर म्हणजे सोमवारी," वनमाला म्हणाली. "मी येते."

घरी परतताना तिने बाजारातून चार बांगडे घेतले. स्टोव्ह पेटवला, भरपूर तेल घातलं. वास चाळभर गेला तशी सुंदराबाई रसाचा ग्लास घेऊन धावत आली.

"काय गो वनमाला, डोक्यावर पडलीस? काविळीच्या पोराक तळलेलो बांगडो?"

"कावीळ नव्हती गो." वनमालाने बांगडा उलटला आणि आवाज मुद्दाम मोठा केला, पलीकडच्या चार खोल्यांना ऐकू जाईल इतका. "गर्द ओढत होता. मालवणला गेला नव्हता, मुलुंडला केंद्रात होता. कुकर त्यानेच विकला. आता सुटलंय. कोणाला नावं ठेवायची असतील त्याने माझ्या दारात येऊन ठेवावी."

सुंदराबाई आता तोंड सोडणार म्हणून वनमाला कंबर कसून उभी राहिली. पण सुंदराबाईने ग्लास खाली ठेवला, दार लोटून घेतलं आणि स्टोव्हशेजारी फतकल मारून बसली. तिचा पोरगा धोंडू पलीकडच्या खोलीत भर दुपारी झोपलेला होता.

"वनमाला," ती म्हणाली, "माझी भांडी कल्हईक नाय गेली."