जहागीरदाराच्या नावाखालची जागा

मुलींची नावं लिहायची नाहीत, आणि का ते विचारायचं नाही. मला काढणाऱ्या कारकुनाला एवढंच सांगितलं होतं.

मी एका चिमुकल्या जर्मन जहागिरीची वंशावळ बोलतेय. जहागीर कसली, एक टेकडी, तीन गावं आणि एक गिरणी. पण तिच्यापायी चौदा पिढ्यांचे बाप आणि मुलगे माझ्या अंगावर दाटीवाटीनं बसले. सगळ्यांत खाली शेवटचा जहागीरदार, आणि त्याच्यापुढे दोन शब्द : ‘वंश संपला’.

त्याला मुलगी होती. एल्सबेथ. युद्धात घरदार गेलं, तेव्हा मला पत्र्याच्या नळीत घालून तिनंच कॅनडात, किचनरला आणलं. शर्टांच्या कारखान्यात तिनं बत्तीस वर्षं कॉलर शिवल्या. एकटीच राहिली. रविवारी मला टेबलावर पसरायची, कोपऱ्यांवर कप ठेवायची आणि वडिलांच्या नावाखालच्या कोऱ्या जागेवर बोट टेकवून बसायची. एकदा पेन्सिल उचलली, परत ठेवली. नियम तिलाही शिकवलेला होता.

ती गेल्यावर घर पुण्याच्या संजय आणि नीलिमानं घेतलं. मी बेसमेंटमध्ये, विंटर टायर्सच्या मागे पडले. थंडीत घर तापवणारी फर्नेस धडधडायला लागली की समजायचं, आणखी एक वर्ष गेलं.

२००९च्या उन्हाळ्यात संजयचे वडील, रविकांत, पुण्याहून आले. त्यांच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघणार होती. आपल्या शाखेचा तक्ता कॉम्प्युटरवर करायचं काम नातीवर, अनुयावर आलं. संजयच्या नावापुढे ‘शाखा समाप्त’ लिही, असं आजोबांनी सांगितलं. संजयची एकुलती एक मुलगी तीच. मग मी कोण, असं तिनं विचारलं. तू तुझ्या सासरच्या कुलवृत्तांतात येशील, म्हणाले.

“अगं, फॉरमॅटच तसा आहे,” संजय म्हणाला. “सबमिट कर आणि मोकळी हो.”

बेसमेंट आवरताना मी आजोबांना सापडले होते. वाद मिटवायला त्यांनी मलाच वर आणून डायनिंग टेबलावर पसरलं.

“बघ, जर्मन सरदारांकडेही हेच. आहे का एक तरी पोरगी?”

अनुया कॉलेजात जर्मन शिकली होती. तिनं ते शेवटचे दोन शब्द वाचले. मग नळीच्या झाकणावर चिकटवलेलं एल्सबेथचं नाव वाचलं. आडनाव तेच.

“वंश संपला होता, तर हे इथवर आणलं कुणी, आजोबा?”

उत्तराची वाट न पाहता तिनं पेन्सिल घेतली आणि त्या कोऱ्या जागेवर ‘एल्सबेथ’ लिहिलं. किती वर्षांनी तिथे पुन्हा एक हात टेकला. आता मला गुंडाळून ठेवू नका, एवढंच मागणं आहे. पेन्सिलीचं नाव घासलं की पुसट होतं.

अनुयानं लॅपटॉप आजोबांपुढे सरकवला.

“माझ्या हातानं मी ‘समाप्त’ टाइप करणार नाही. हवं तर तुम्ही करा.”

आजोबांनी स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. संजय खिडकीबाहेर बघत राहिला. आजोबांचा हात टेबलावरून उचलला गेला नाही.